इंग्रजीतली संकटं: अस्मानी कोणती, सुलतानी कोणती

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहेत आणि अमेरिकी व ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर त्यांचे रोज कॉल असतात. एका रिलीजनंतर अमेरिकी मॅनेजर हसत हसत ‘धिस इज अ डम्पस्टर फायर’ म्हणाला, तेव्हा यांना आता नोकरी जाते की काय असं वाटलं. पुढे काहीच झालं नाही. उलट, ज्या आठवड्यात कॉलवर असा एकही शब्द निघाला नाही, त्याच आठवड्यात टीममधल्या एकाला प्रोजेक्टवरून काढलं. मग ‘डिझास्टर’, ‘ट्रेन रेक’, ‘मेल्टडाउन’, ‘परफेक्ट स्टॉर्म’ यांत लहान कोणतं, मोठं कोणतं हे ओळखायचं कसं? आणि आपण मेलमध्ये यांतलं काय वापरावं?

मी इंग्रजी वर्तमानपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली आहेत आणि आता कंपन्यांमधल्या लोकांचं इंग्रजी लेखन तपासते. दोन्हीकडे हे शब्द पोत्याने येतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

शब्द जितका भीषण तितकं प्रकरण गंभीर, हा हिशेब आधी सोडून द्या. रोजच्या इंग्रजीत तो बहुतेक वेळा उलटा चालतो. केक फुगला नाही, तर ‘डिझास्टर’. केस पावसात भिजले, ‘माय हेअर इज अ डिझास्टर’. पहिल्या भेटीत गप्पा रंगल्या नाहीत, ‘द डेट वॉज अ टोटल डिझास्टर’. ‘आय अ‍ॅम अ डिझास्टर इन द किचन’ म्हणणारी बाई तुम्हाला जेवायला बोलावते आणि जेवण बरं निघतं. आपल्याकडे ‘वाट लागली’ कसं सकाळच्या लोकलपासून रात्रीच्या भातापर्यंत सगळ्याला चालतं, तसंच.

खऱ्या संकटात मात्र भाषा आखडते. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी आकाशातच फुटलं आणि आतले सातही जण गेले. नासाचा निवेदक त्या वेळी म्हणाला, ‘ऑब्व्हियसली अ मेजर मालफंक्शन’. म्हणजे काहीतरी मोठा बिघाड झालेला दिसतो. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ वर ऑक्सिजनची टाकी फुटली, तेव्हा अंतराळवीरांनी ह्यूस्टनला कळवलं ते ‘वी हॅव हॅड अ प्रॉब्लेम’ एवढंच. आज हेच वाक्य वर्तमानकाळात घालून, प्रिंटरमधला कागद संपला की लोक गमतीने म्हणतात. मोठा शब्द वापरायला थोडी फुरसत लागते. ज्याचं घर जळत असतं तो उपमा शोधत बसत नाही. म्हणून कॉलवर कोणी रंगवून बोलत असेल, तर बोलणारा स्वतःला सुरक्षित समजतोय एवढं तरी नक्की धरा.

याला एक अपवाद आहे आणि तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये आहात म्हणून तो लक्षात ठेवा. ‘कॅटॅस्ट्रॉफिक’ हा शब्द अभियांत्रिकीच्या कागदपत्रात आला तर तो अलंकार नसतो. विमानांच्या सुरक्षेच्या नियमांत बिघाडांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि ‘कॅटॅस्ट्रॉफिक’ ही सगळ्यात वरची पायरी. ज्या बिघाडाने बहुधा विमानच नष्ट होईल आणि अनेक जीव जातील, तो या पायरीवर. अशा बिघाडाची शक्यता उड्डाणाच्या दर तासाला एक अब्जात एकापेक्षा कमी ठेवावी, अशी अपेक्षा असते. तेव्हा मेलमध्ये ‘कॅटॅस्ट्रॉफिक फेल्युअर’ दिसलं की आधी पाठवणारा कोण ते बघा. मार्केटिंगवाला असेल तर चहा पिऊन उत्तर द्या. सिस्टिम इंजिनिअर असेल तर चहा राहू द्या.

आता मुख्य गोष्ट. तीव्रता मोजण्याऐवजी प्रत्येक शब्दाला एक प्रश्न विचारा: यात दोष कोणाचा? आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या असलेली जोडी इथे अगदी नेमकी लागू पडते. पाऊस दगा देतो, गारपीट होते, ते अस्मानी. राज्यकर्ता, सारा, वसुली यांच्यापायी ओढवतं ते सुलतानी. इंग्रजीत अशी सुटसुटीत जोडी नाही, पण संकटाचे शब्द निवडताना इंग्रजी बोलणारा नकळत हीच निवड करत असतो. त्सुनामी, स्टॉर्म, अ‍ॅव्हलान्च, फ्लड हे अस्मानी. ट्रेन रेक, मेल्टडाउन, डम्पस्टर फायर, टायटॅनिक हे सुलतानी. एकाच घटनेला एक जण पहिल्या गटातला शब्द देतो आणि दुसरा दुसऱ्या गटातला, तेव्हा तिथे वाद आकाराचा नसतो, जबाबदारीचा असतो.

सुलतानी गट आधी घेऊ, कारण तुम्हाला पडलेलं कोडं त्यातलं आहे.

‘ट्रेन रेक’ मध्ये रूळ आहेत, चालक आहे, सिग्नल आहे आणि मुख्य म्हणजे रुळाच्या बाजूला उभे राहून बघणारे लोक आहेत. होणार हे दिसतंय, थांबवता येत नाही आणि नजरही हटत नाही, हा त्याचा अर्थ. म्हणून ‘स्लो-मोशन ट्रेन रेक’ असंही म्हणतात. अमेरिकेत आगगाडी, तर ब्रिटनमध्ये त्याच कामाला मोटार: ‘कार क्रॅश इंटरव्ह्यू’. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’वर राणी एलिझाबेथचा मुलगा प्रिन्स अँड्र्यू याची, लैंगिक गुन्हेगार जेफ्री एपस्टीनशी असलेल्या मैत्रीबद्दल मुलाखत झाली, तिच्यानंतर हा शब्दप्रयोग ब्रिटिश वर्तमानपत्रांत सगळीकडे होता. राजघराण्याच्या बातम्या देणाऱ्या एका संकेतस्थळाच्या संपादकाला मात्र तो पुरेना. त्याने ट्विटरवर लिहिलं ते साधारण असं: मला वाटलं होतं ट्रेन रेक होईल, हे तर विमान तेलवाहू जहाजावर आदळून, त्यातून त्सुनामी उठून, त्यातून अणुस्फोट व्हावा त्या दर्जाचं वाईट होतं. असंच रचून बोलणं पुढच्या वर्षी अमेरिकेत ऐकू आलं. २९ सप्टेंबर २०२० ला ट्रम्प आणि बायडन यांची पहिली वादसभा संपल्यावर सीएनएनचा जेक टॅपर म्हणाला की हा ट्रेन रेकच्या आतल्या डम्पस्टर फायरच्या आतला ‘हॉट मेस’, म्हणजे नुसता सावळागोंधळ होता. त्या वाक्याचा साचा चर्चिलचा आहे. १९३९ मध्ये रशियाबद्दल बोलताना त्याने कोडं गूढात आणि गूढ रहस्यात असं एकात एक गुंडाळलं होतं.

ही दोन्ही वाक्यं मी वर्गात वाचून दाखवते, कारण त्यांतून एक गोष्ट चटकन कळते. रोजच्या वापराने शब्द झिजतात. एका अपघाताने काम भागत नाही म्हणून दुसरा, मग तिसरा. ऐकणाऱ्याला भीती वाटत नाही, हसू येतं. आणि तेच बोलणाऱ्याला हवं असतं.

आता डम्पस्टर फायर. डम्पस्टर म्हणजे अमेरिकेत दुकानांच्या, इमारतींच्या मागे ठेवलेली कचऱ्याची मोठी लोखंडी पेटी. हे मुळात ब्रँडचं नाव, टेनेसीतल्या नॉक्सव्हिलच्या डेम्पस्टर बंधूंच्या आडनावावरून बनवलेलं. तिच्यात आग लागली की धूर होतो, घाण वास सुटतो, बघ्यांची गर्दी जमते, पण आग पेटीतच राहते आणि जळतो तो कचरा. या शब्दात तिरस्कार आहे, चेष्टा आहे, ‘आपण सगळे मिळून हे बघतोय’ अशी जवळीकही आहे. धोका फारसा नाही. २०१६ साल अमेरिकी राजकारणात असं गेलं की अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने त्या वर्षाचा शब्द म्हणून हाच निवडला. तुमचा मॅनेजर हसत होता, त्यात आश्चर्य काही नाही. हा शब्द रागावून म्हणायचा नसतोच. रिलीज कचरा झालं हे त्याने सांगितलं, पण पेटी कोणी पेटवली हे विचारायला तो त्या क्षणी निघालेला नव्हता.

‘मेल्टडाउन’ जरा वेगळं. अणुभट्टी बंद केली तरी इंधनातून उष्णता निघत राहते. थंड करणारं पाणी कमी पडलं की आतला गाभाच वितळू लागतो. २८ मार्च १९७९ ला पेनसिल्व्हेनियात थ्री माइल आयलंडला हे अर्धवट घडलं, २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलला भट्टीच फुटली, आणि त्यानंतर हा शब्द शेअर बाजारापासून दोन वर्षांच्या पोरापर्यंत सगळ्यांना लागू झाला. त्यात सुचतं ते असं की बाहेरून कोणी काही केलं नाही, आतला दाब आतूनच वाढला. म्हणून कंपनीच्या सर्व्हरला, बँकेला, सुपरमार्केटमध्ये चॉकलेटसाठी लोळण घेणाऱ्या मुलाला हा चालतो. पण ऑटिझम असलेली माणसं आणि त्यांचे पालक ‘मेल्टडाउन’ हा शब्द ठरावीक अर्थाने वापरतात: गोंगाट, उजेड, ताण असह्य झाल्यावर माणसाचा ताबा सुटणं. हट्टाशी त्याचा संबंध नाही. सहकाऱ्याबद्दल ‘ही हॅड अ मेल्टडाउन’ असं लिहून पाठवण्याआधी तेवढा विचार करा. माझ्या मते ते लिहूच नये.

टायटॅनिकचं काय सांगायचं. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे ते बुडालं, सुमारे दीड हजार माणसं गेली आणि इंग्रजीला कायमचा साठा मिळाला. त्यातला सगळ्यात उपयोगी प्रयोग म्हणजे बुडत्या जहाजाच्या डेकवर खुर्च्या नीट मांडत बसणं. मे १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड पक्षाच्या उमेदवारीसाठीच्या प्राथमिक निवडणुकांत एकामागून एक हार खात होते. आता डावपेच बदलणार का, असं विचारल्यावर त्यांचे प्रचारप्रमुख रॉजर्स मॉर्टन म्हणाले की टायटॅनिकच्या डेकवरचं फर्निचर मी हलवत बसणार नाही. वाक्य त्यांच्यावरच उलटलं, कारण आपलं जहाज टायटॅनिक आहे हे त्यांनीच कबूल केलं होतं. ऑफिसात हा प्रयोग करताना हेच विसरलं जातं. ‘वी आर जस्ट रीअरेंजिंग डेक चेअर्स’ असं क्लायंटसमोर म्हणालात तर तुम्ही चेष्टा छोट्या बदलांची केली आणि जाता जाता प्रोजेक्ट बुडणार असंही सांगून टाकलंत.

अस्मानी गटाकडे येते. इथे सावध राहायला हवं, कारण जबाबदारी झटकायची असेल तर माणूस हमखास आभाळाकडे बोट दाखवतो.

‘परफेक्ट स्टॉर्म’चा जन्म नेमका माहीत आहे. ऑक्टोबर १९९१ च्या शेवटी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यापुढे समुद्रात एक साधं वादळ, कॅनडाकडून आलेला जास्त दाबाचा पट्टा आणि ग्रेस नावाच्या चक्रीवादळाची उरलेली ओल असं सगळं एकत्र आलं. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टरची ‘अँड्रिया गेल’ ही मासेमारी बोट सहा जणांसह नाहीशी झाली. सेबॅस्टियन युंगरने १९९७ मध्ये त्यावर लिहिलेल्या पुस्तकाचं नाव हेच होतं. बॉब केस या हवामानतज्ज्ञाशी झालेल्या बोलण्यातून त्याला ते सुचलं होतं. तीन वर्षांनी सिनेमा आला आणि मग प्रत्येक तोट्यातल्या कंपनीला आपल्यावर परफेक्ट स्टॉर्म आल्याचा साक्षात्कार झाला. मिशिगनमधलं लेक सुपिरिअर स्टेट विद्यापीठ दरवर्षी वापरून वापरून चोथा झालेल्या शब्दांची एक गमतीदार यादी काढतं. २००८ च्या यादीत हा शब्द होता.

मुळात शब्द वाईट नाही. त्याला अट आहे: एकमेकांशी संबंध नसलेली तीन-चार कारणं, त्यातलं एकेकटं आलं असतं तर निभावलं असतं, आणि ती एकाच वेळी आली. तुमच्या प्रोजेक्टमध्ये क्लाउडवाल्याकडे खरोखर बिघाड झाला, त्याच दिवशी पुण्यात वीज गेली आणि मुख्य डेव्हलपर दवाखान्यात होता, तर खुशाल लिहा. पण टेस्टिंग कमी केलं, त्यामुळे बग राहिले, त्यामुळे रोलबॅक करावा लागला, ही एकातून एक निघालेली साखळी आहे. तिला ‘परफेक्ट स्टॉर्म’ म्हटलं की अनुभवी क्लायंट ओठ दाबून हसतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण २००८ च्या आर्थिक संकटाचं. २३ ऑक्टोबर २००८ रोजी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांनी त्याला शतकातून एकदा येणारी ‘क्रेडिट त्सुनामी’ म्हटलं. हे गृहस्थ १९८७ ते २००६ अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष होते. त्सुनामी म्हणजे समुद्राच्या तळाशी भूकंप, त्यापुढे बँकेचा अध्यक्ष काय करणार? पुढे १३ जानेवारी २०१० ला चौकशी आयोगासमोर गोल्डमन सॅक्स या बड्या बँकेचे प्रमुख लॉइड ब्लँकफेन चक्रीवादळांचा दाखला देऊ लागले. आयोगाचे अध्यक्ष फिल अँजेलिडीस हे कॅलिफोर्नियाच्या भूकंप विमा मंडळावर बसलेले गृहस्थ. त्यांनी मध्येच अडवून म्हटलं की देवाच्या करणीला आम्ही सूट देऊ, पण ही स्त्री-पुरुषांची करणी आहे. आयोगाचा अहवाल जानेवारी २०११ मध्ये आला. हे संकट माणसांच्या कृतीमुळे आणि निष्क्रियतेमुळे आलं, निसर्गामुळे नव्हे, हे त्यात स्वच्छ लिहिलं आहे. पुढे शेक्सपिअरच्या आधाराने असंही म्हटलं आहे की दोष ताऱ्यांत नाही, आपल्यात आहे. गंमत अशी की ‘डिझास्टर’ या शब्दाच्या मुळाशी इटालियनमधला वाईट ताराच आहे, म्हणजे आपली साडेसाती. हे अहवाल लिहिणाऱ्यांच्या मनात होतं का, कोण जाणे, पण संपादक म्हणून मला ते वाक्य फार आवडतं.

पाण्याचे शब्द दोन तऱ्हांनी चालतात. कामाच्या बाबतीत ते बहुतेक मेलेले आहेत. ‘फ्लडेड विथ कॉल्स’, ‘इनन्डेटेड’, ‘डेल्यूज ऑफ ईमेल्स’ यांत कोणाला पाणी दिसत नाही. पण तुमच्या कामाचा एक बारकावा त्यात आहे. ‘आय अ‍ॅम स्वॉम्प्ड’ म्हणजे सभ्य नकार: आत्ता नको, नंतर बघू. ब्रिटिश माणूस त्याच जागी ‘स्नोड अंडर’ म्हणेल. ‘आय अ‍ॅम ड्राउनिंग’ मात्र हाक आहे, त्यात मदत मागितलेली असते. ज्युनिअरने हे लिहिलं आणि तुम्ही त्यावर हसरा चेहरा पाठवलात, तर त्याच्यापर्यंत पोचलेला अर्थ वाईट असतो.

माणसांच्या बाबतीत हेच शब्द जिवंत होतात आणि विषारीही. जानेवारी १९७८ मध्ये, तेव्हा विरोधी पक्षनेत्या असलेल्या मार्गारेट थॅचर एका दूरचित्रवाणी मुलाखतीत म्हणाल्या की वेगळ्या संस्कृतीच्या लोकांमुळे आपला देश ‘स्वॉम्प्ड’ होईल अशी लोकांना भीती वाटते. २००२ मध्ये मजूर पक्षाचे गृहमंत्री डेव्हिड ब्लंकेट यांनी शाळांच्या संदर्भात तोच शब्द वापरला आणि मोठं वादळ उठलं. (बघा, मीही वापरलाच.) माणसांना पाणी म्हटलं की त्यांना नाव-गाव-कारण उरत नाही, उरतो तो फक्त बांध घालण्याचा प्रश्न. मराठी वर्तमानपत्रांतले ‘परप्रांतीयांचे लोंढे’ याच कुळातले. लंडनच्या क्लायंटकडे ‘फ्लड ऑफ मायग्रंट्स’ हा प्रयोग तुमच्या सादरीकरणात नको. तुम्ही स्वतः तिथे त्याच पाण्याचा थेंब ठरता.

यापुढचा गट खऱ्या, तारीख असलेल्या संकटांचा आहे. तो आपल्याला परका नाही. निवडणूक हरली, क्रिकेटचा सामना हरला, सूनबाईंनी पुरणपोळी बिघडवली, की आपण ‘पानिपत झालं’ म्हणतो. १४ जानेवारी १७६१ ला किती माणसं कापली गेली हे त्या वेळी कोणाच्या मनात नसतं आणि कोणाला त्याचं दुःखही होत नाही. इतका काळ मध्ये गेला आहे. पॉम्पेई, टायटॅनिक यांचं तसंच. पण काही शब्दांच्या आतली माणसं अजून हयात आहेत.

त्यात सगळ्यात वाईट म्हणजे ‘ड्रिंकिंग द कूल-एड’. कंपनीच्या नव्या धोरणावर कोणी डोळे झाकून भाळला की अमेरिकी ऑफिसात सहज म्हणतात, ‘ही हॅज ड्रंक द कूल-एड’. हे आलं गयानातल्या जोन्सटाउनहून. १८ नोव्हेंबर १९७८ ला जिम जोन्स नावाच्या पंथप्रमुखाच्या वस्तीत नऊशेहून अधिक माणसं सायनाइड घातलेलं सरबत पिऊन किंवा बळजबरीने पाजल्यामुळे मेली. त्यांतली तीनशेच्या आसपास मुलं होती. सरबत बहुतांशी कूल-एड नव्हतंच, फ्लेवर-एड नावाचं दुसरं होतं. म्हणजे एका कंपनीचं नाव फुकट गोवलं गेलं. आणि ज्यांना सुया टोचल्या, ज्यांच्यावर बंदुका रोखल्या, त्यांना ‘आंधळे भक्त’ ठरवलं गेलं. वाचलेले लोक आणि मृतांचे नातेवाईक याला वारंवार हरकत घेत आले आहेत. हा प्रयोग तुम्ही ऐकाल, समजून घ्या, स्वतः वापरू नका.

‘ग्राउंड झीरो’ हिरोशिमाच्या काळातलं: अणुबॉम्ब जिथे फुटला त्याच्या बरोबर खालची जागा. ११ सप्टेंबर २००१ नंतर न्यूयॉर्कमध्ये त्याचा एकच अर्थ उरला. आपल्या वाहिन्या मात्र ‘थेट ग्राउंड झीरोवरून’ म्हणत ऊस आंदोलनाची बातमी देतात. अमेरिकी माणसासमोर असं बोललात तर तो क्षणभर गोंधळेल, त्याला विध्वंस शोधावा लागेल.

‘कॅट्रिना’ तर माझ्या वर्गवारीला छेद देणारा शब्द आहे. २९ ऑगस्ट २००५ चं ते चक्रीवादळ अस्मानीच. पण न्यू ऑर्लिन्सचे बंधारे फुटले, लोक छपरांवर अडकून पडले आणि सरकार उशिरा जागं झालं. त्यामुळे ‘हे त्यांचं कॅट्रिना ठरणार का’ असं एखाद्या नेत्याबद्दल विचारतात तेव्हा वाऱ्याचा विषयच नसतो. आक्षेप सगळा सुलतानीवर असतो. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलगळती झाली तेव्हा ओबामांबद्दल हेच विचारलं गेलं.

‘त्सुनामी’बद्दल तर स्पष्ट नियमच सांगते. २६ डिसेंबर २००४ पर्यंत सर्वसामान्य इंग्रजीत हा शब्द क्वचित होता, लोक ‘टायडल वेव्ह’ म्हणत. त्या दिवशी हिंदी महासागराच्या काठावरच्या देशांत दोन लाखांहून अधिक माणसं गेली आणि शब्द घरोघरी पोचला. दहा वर्षांच्या आत आपल्या पत्रकारांनी मोदींच्या विजयाला ‘त्सुनामो’ केलं. जपानी सहकारी कॉलवर असेल तर ‘त्सुनामी ऑफ टिकेट्स’ म्हणू नका. ११ मार्च २०११ ला तिथल्या लोकांनी ती लाट पाहिली आहे. चेन्नईचा किंवा अंदमानचा सहकारी असेल तरीही नको. ‘अ ह्यूज नंबर ऑफ टिकेट्स’ म्हटल्याने काहीही अडत नाही.

डेस्कवर असताना आम्हाला हीच नजर ‘लँडस्लाइड’साठी ठेवावी लागे. निवडणुकीतल्या मोठ्या विजयाला इंग्रजीत सर्रास हा शब्द आहे आणि तोही मेलेलाच आहे, कोणाला दरड दिसत नाही. पण ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं, १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर कडा कोसळला. अशा आठवड्यात त्याच पानावर ‘लँडस्लाइड विन’ गेलं तर मेलेला शब्द उठून बसतो. बातमी चुकीची नसते, शेजार चुकीचा असतो.

काही संकटं इंग्रजीत चक्क शाबासकी म्हणून येतात. दोघांची गट्टी जमली की ‘दे गॉट ऑन लाइक अ हाउस ऑन फायर’. ‘ब्लॉकबस्टर’ हा दुसऱ्या महायुद्धात इमारतींची अख्खी रांग उडवणारा बॉम्ब होता, आता सिनेमा आहे. खुद्द ‘बॉम्ब’ शब्दाने अटलांटिकच्या दोन्ही काठांवर घोळ घातलाय: अमेरिकेत नाटक ‘बॉम्ब्ड’ म्हणजे आपटलं, ब्रिटनमध्ये ‘इट वेंट लाइक अ बॉम्ब’ म्हणजे धूमधडाक्यात चाललं. यात तर्क शोधू नका, पाठ करा.

मराठीतून इंग्रजीत येताना जे घसरतं तेही सांगते. वडील गेल्याचं कळवताना ‘द स्काय फेल ऑन मी’ असं लिहिलेली मेल मी पाहिली आहे. आपल्याकडे आभाळ कोसळणं हे दुःखाचं सर्वांत मोठं रूप. इंग्रजीत मात्र ‘द स्काय इज फॉलिंग’ म्हटलं की डोक्यावर काहीतरी पडलं म्हणून बोंबलत सुटलेली बालकथेतली कोंबडी आठवते, म्हणजे फुकटचा कांगावा. तिथे ‘माय वर्ल्ड हॅज फॉलन अपार्ट’ चालेल, पण औपचारिक मेलमध्ये ‘माय फादर पास्ड अवे’ एवढंच पुरतं. तसंच पायाखालची वाळू सरकणं. त्याला जवळचं म्हणून लोक ‘द रग वॉज पुल्ड फ्रॉम अंडर मी’ लिहितात. पण वाळू आपोआप सरकते, गालिचा कोणीतरी ओढतो. तुम्ही नुसता धक्का बसल्याचं सांगत असता आणि वाचणाऱ्याला वाटतं तुम्ही कोणावर तरी विश्वासघाताचा आरोप करताय. क्लायंटने बजेट कापल्यावर हे वाक्य क्लायंटलाच पाठवलं तर काय होईल, सांगायला नको.

आता मेलमध्ये काय वापरावं. स्टेटस मेलमध्ये यांतलं काहीही नको. तिथे काय बंद पडलं, कशामुळे, दुरुस्ती कोण करतंय आणि कधीपर्यंत, या चार गोष्टी साध्या शब्दांत लिहा. चॅटवर, आपल्याच टीममध्ये, मेलेले शब्द खुशाल वापरा: ‘स्वॉम्प्ड’, ‘क्रॅश’, ‘बर्नआउट’, ‘फायरफायटिंग’. चेष्टेचे शब्द स्वतःच्या कामाबद्दल चालतात, दुसऱ्याच्या कामाबद्दल नाहीत. ‘माय कोड इज अ डम्पस्टर फायर’ ही विनोदबुद्धी, ‘युअर कोड इज अ डम्पस्टर फायर’ हे भांडण. मॅनेजरला मात्र दोन्ही म्हणायची मुभा असते, ते एक असो.

आणि ज्या आठवड्यात कॉलवर सगळे शांत होते, त्या आठवड्याबद्दल. ब्रिटिश माणूस ‘अ बिट ऑफ अ शॅम्बल्स’, म्हणजे जरा गोंधळच झालाय, असं म्हणतोय तोवर तो तुमच्या बाजूला आहे. तो ‘आय अ‍ॅम अ लिटल डिसअपॉइंटेड’ किंवा ‘धिस इज नॉट आयडियल’ म्हणाला की कान टवकारा. अमेरिकी माणसाच्या बाबतीत ‘आय अ‍ॅम कन्सर्न्ड’ आणि ‘लेट्स टेक धिस ऑफलाइन’ या दोन वाक्यांवर लक्ष ठेवा. यांत आग नाही, वादळ नाही, बुडतं जहाज नाही. तुमच्या सहकाऱ्याच्या बाबतीत आधीच्या मेल पुन्हा वाचल्यात तर यांतलं एखादं वाक्य बहुधा सापडेल.

पुढच्या वेळी मॅनेजर डम्पस्टर फायर म्हणाला तर ‘विच पार्ट शुड वी पुट आउट फर्स्ट?’ असं विचारा. विनोदही पुढे जातो आणि कामाचा क्रमही कळतो. ‘कन्सर्न्ड’ असं आलं तर विनोद करू नका. त्याच दिवशी, नावं आणि तारखा घालून उत्तर पाठवा.